टांग्याचा घोडा आणि हौशी इव्हेंटिंग : या हिवाळ्याची तयारी कशी करावी?

पांदणरस्ता

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातून लिहितोय (जि. वर्धा). आमच्याकडे एक घोडा आहे, भीम्या. वय दातांवरून नऊ-दहा. आधी टांग्याला होता, टांगे बंद पडले तसा मालकानं विकला आणि आमच्याकडे आला, आता छोट्या गाडीत चारा, खताच्या गोण्या, कधी कापसाचे बोंद्रे असं ओढतो. हाडापेरानं जड आहे, गुडघ्याखालचं हाड जाड, मान आखूड, उंची १५.२ हात (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, म्हणजे १५ हात २ इंच, साधारण १५७ सेमी). बाप कोणत्या जातीचा कोणालाच माहीत नाही, पण आपल्याकडच्या काठियावाडी-मारवाडीसारखा सडसडीत बिलकुल नाही, ओझ्याचाच घोडा आहे.

मी कॉलेजला असताना एनसीसीच्या घोडदळात रायडिंग शिकलो, मग नोकरी, मग शेती, सगळं सुटलं. आता पुण्याकडे एका क्लबची हौशी लोकांसाठी हिवाळ्यात स्पर्धा असते त्यात सगळ्यात खालच्या वर्गात उतरायचं डोक्यात आहे. लोक म्हणतात टांग्याच्या घोड्यावर इव्हेंटिंग म्हणजे वेडेपणा. मला हे विचारायचंय की नेमकं कुठे अडेल आणि जूनपासून काय काय करत जाऊ. आमच्याकडे रिंगण नाही, वाळूचं मैदान नाही, काळी माती आहे आणि पांदण आहे. जिंकायचं नाहीये, घोडा धडधाकट घरी यावा आणि तिन्ही फेऱ्या पूर्ण व्हाव्या एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ आमच्या गावात घोडा म्हणजे वरातीचा, नाहीतं मंग पोलिसाचा. हे इव्हेंटिंग काय असते राजेहो? रेस हाय का? साध्या भाषेत सांगा ना जरा, मले बी समजलं पाह्यजे कायच्यासाठी एवढा कुटाणा करून रायले तुम्ही.

पांदणरस्ता

रेस नाही ठेचाभाऊ. एकच घोडा, एकच स्वार, तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात चाल, दुडकी, कँटर (दुडकीच्या वरची, संथ दौड), गोल, थांबणं हे सगळं शिस्तीत, जज मार्क देतात, टक्केवारी शंभरातून वजा केली की उरले ते दंडाचे गुण. दुसरी क्रॉसकंट्री, मोकळ्या रानात ओंडके, खड्डे, पाणी, चढउतार. तिथे घोडा अडथळ्यापुढे थांबला की २० गुण दंड, त्याच अडथळ्याला दुसऱ्यांदा थांबला तर ४०, तिसऱ्यांदा बाहेर. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४. तिसरी शो जंपिंग, दांडी पाडली की ४. शेवटी ज्याचे दंडाचे गुण कमी तो वर. आधी हा फौजी लोकांचाच खेळ होता, ऑलिंपिकमध्ये १९१२ पासून आहे. आपले रघुबीर सिंग १९८२ च्या दिल्ली एशियाडला यातच सुवर्ण जिंकले, आणि फौआद मिर्झाला २०१८ ला जकार्तात रौप्य मिळालं.

टाच_खाली

पांदणरस्तादादा, वेडेपणा अजिबात नाही. मी पुण्यात लहान मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी जड घोड्याबद्दलचा गैरसमज. आयरिश ड्राफ्ट ही जात शेतातलीच, नांगर ओढायची, गाडी ओढायची आणि हिवाळ्यात त्याच घोड्यावर बसून लोक शिकारीला जायचे, कुंपणं उडवत. तिचा थरोब्रेडशी (रेसच्या घोड्याची जात) संकर केला की आयरिश स्पोर्ट हॉर्स होतो आणि तो आज जगात इव्हेंटिंगच्या वरच्या घोड्यांमध्ये असतो. शायर किंवा क्लाइड्सडेल या ओझ्याच्या जाती वेगळ्या, त्या खूपच अवजड. तुमचा भीम्या वर्णनावरून मधला वाटतोय, त्यामुळे ७५-८० सेमीच्या उड्या त्याच्या ताकदीला काहीच नाहीत.

तुमचं घोडं कँटरवर अडणार, उडीवर नाही. टांग्यात घोड्यानं दुडकी सोडून कँटर धरला की गाडी हिंदकळते, सवारी ओरडते, म्हणून त्याला वर्षानुवर्षं लगाम ओढून, प्रसंगी चाबकानं परत दुडकीत आणलेलं असतं. त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की कँटर म्हणजे चूक. आता तुम्ही पाठीवर बसून टाच लावाल तर तो दुडकीच वाढवत नेईल, वाढवत नेईल, इतकी की तुमचे दात वाजतील, पण कँटर धरणार नाही. याला लोक आळशी म्हणतात, तो खरं तर आज्ञाधारक आहे. त्यामुळे पहिले दोन महिने पाठीवर कँटर मागूच नका. लांब दोरीवर गोल फिरवताना, किंवा हलक्या चढावर, दुडकीतून आपणहून दोन-चार पावलं कँटर केला की लगेच शाबासकी आणि लगेच चाल. तीनचार पावलांची दहा झाली की मग पाठीवरून.

दुसरं तोंड. गाडीचा घोडा लगामावर रेलून ओढतो, त्याला तेच शिकवलंय. तुम्ही हातानं ओढाल तर तो दुप्पट ओढेल आणि तो जिंकेल हे लिहून ठेवा. चाल-थांब-चाल, दुडकी-चाल-दुडकी असे बदल दिवसात शेकड्यानं करा, बसण्यातून आणि पाठीतून. तिसरं झापडं. आयुष्यभर झापडं लावून फिरलेल्या घोड्यानं मागून येणारी मोटारसायकल कधी पाहिलेली नसते, नुसती ऐकलेली असते. झापडं काढल्यावर काही दिवस तो प्रत्येक गोष्टीला बिचकेल, तेवढे दिवस नुसतं हातात धरून फिरवा.

गाडी ओढणं बंद करू नका. सावकाश ओझं ओढल्यानं मागच्या पायांचं बळ राहतं. फक्त ज्या दिवशी कँटर किंवा उड्या, त्या दिवशी गाडी नको.

पटाची_जोडी

आमचा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा नाद, तळेगाव दशासरचा पट पाह्यला असन तुम्ही. तिथं काम काही सेकंदात आटोपते, खोंडाले फक्त सुटायचं बळ लागते. तुमच्या घोड्याले तं काही मिनिटं पयावं लागन, वरतून उड्या. म्हणजे आमच्यासारखी खुराकावर खुराक देऊन तयारी चालणार नाही असं वाटते. आमच्याकडं पटाआधी तूप, अंडी, उडीद काय काय चारते लोक. डॉक्टरलोक काय म्हणतात यावर?

गुरांचा_डॉक्टर

पटाची_जोडी बरोबर बोलले. मी अकोल्याकडे प्रॅक्टिस करतो, घोडे कमी येतात पण येतात.

सगळ्यात आधी वजन. काटा नसेल तर टेपनं छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत), भागिले ११,८८०, उत्तर किलोत. घेर १९५ आणि लांबी १६८ असेल तर साधारण ५४० किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, म्हणजे ८ ते ११ किलो, हा पाया. दाणा त्यावर, आणि जड घोड्याला दाणा वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. ओझ्याच्या जातींमध्ये स्नायूंचा एक आजार बऱ्यापैकी आढळतो, स्नायूत साखरेचा साठा चुकीच्या पद्धतीनं होतो, मग काम केल्यावर घोडा आखडतो, घाम येतो, पाय उचलत नाही. अशा घोड्याला पिठूळ दाणा कमी आणि तेल जास्त द्यायचं असतं. आपल्याकडे जवस आहेच, जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्या. आखडल्यासारखा दिसला की काम थांबवून रक्त तपासायला द्या, "चालवून मोकळा होईल" म्हणत फिरवू नका.

आता आपल्या भागातले धोके. गायीची तयार पेंड घोड्याला देऊ नका, काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते गायीला चालतं आणि घोड्याचं हृदय बंद पाडतं, अगदी थोडं गेलं तरी. सरकी ढेपही नको. बुरशी लागलेला मका तर नकोच, त्यानं मेंदूवर परिणाम होतो आणि घोडा वाचत नाही. हिरवी ज्वारी चरायला सोडू नका, घोड्यांमध्ये त्यानं लघवीचा आणि मागच्या पायांचा त्रास होतो. वाळलेला कडबा कुट्टी करून चालतो. सोयाबीनचं कुटार दिलं तरी त्यात शेंगांचे दाणे किती राहिलेत ते बघा. हरभरा भिजवून, थोडा. आणि काहीही नवीन द्यायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. घोड्याला उलटी होत नाही, एकदा पोटात गेलं ते गेलं, पोटशूळ झाला की रात्री तीनला तुम्ही मला फोन करणार.

पावसाळ्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात, त्यांच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली-पायांवर सूज, घोडा खंगतो. ऑक्टोबरमध्ये भीम्या मलूल दिसला तर ट्रेनिंग जास्त झालं असं धरून चालू नका, आधी रक्ताची काच तपासा. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या, अडथळ्यांवर खरचटणारच.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब आमच्याकडं मे मधी सावलीत ४५ राहते, आन् ऑक्टोबर हीट वेगळीच. घोडा तपला तं पाणी टाकावं का नाई? आमचे म्हातारे म्हणते गरम घोड्यावर थंडं पाणी टाकलं का थो लुळा पडते.

गुरांचा_डॉक्टर

टाकावं, आणि भरपूर टाकावं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उन्हाच्या भीतीनं यावर बराच अभ्यास झाला, बर्फाचं पाणी ओतलं तरी स्नायू आखडत नाहीत हे दिसलं. अंगभर ओतत राहायचं, श्वास उतरेपर्यंत, सावलीत, वारा लागेल अशा जागी. जड घोड्याला हे जास्त लागू आहे कारण अंग मोठं पण उष्णता बाहेर टाकायला कातडी त्या मानानं कमी, तो तापतो सावकाश आणि निवतोही सावकाश. गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा, एरवी ३७.५ ते ३८.५ असतं, कामानंतर ४० वर अडकून राहिलं तर त्या दिवशी पुरे, ४१ म्हणजे माझ्याकडे पळत या. पाणी पिऊ द्या, तहानलेलं ठेवू नका. आणि रोजच्या खुराकात दोन चमचे साधं मीठ, घोड्याच्या घामात माणसापेक्षा मीठ जास्त जातं. ज्या घोड्याला काम करूनही घाम येत नाही, नुसता धापा टाकतो, तो उन्हात अजिबात न्यायचा नाही.

फिटनेस मोजायचा तर घड्याळ आणि बोट पुरे. जबड्याच्या आतल्या बाजूला नाडी लागते. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४. काम थांबवल्यावर दहा मिनिटांत साठच्या आसपास आली तर काम पचलं, नाही आली तर पुढच्या आठवड्यात तेवढंच ठेवा, वाढवू नका. श्वासाचे ठोके नाडीपेक्षा जास्त मोजले गेले तर लगेच थांबून पाणी ओता. कॅलेंडरनं वाढवणारे लोक घोडे लंगडे करतात, माझा हा अनुभव पक्का आहे.

नालबंदाचा_नातू

कामठीहून. आजोबा नाल ठोकायचे, मी अजून करतो. टांग्याची नाल जाड, गुळगुळीत, डांबरावर झिजू नये म्हणून असते. ती घालून गवतावर किंवा ओल्या मातीत कँटरमध्ये वळाल तर घोडा बाजूनं घसरेल. हलकी नाल लावून घ्या, शक्यतो मधून खाच असलेली, म्हणजे पकड राहते. पाच-सहा आठवड्यांनी बदला, वर जाऊ देऊ नका. काळ्या मातीत पावसाळ्यात खुरात गोळा बसतो, रोज संध्याकाळी खुरणीनं काढा आणि खुराच्या मधला मऊ त्रिकोण कोरडा ठेवा, तिथून वास आला की सडायला लागला समजा. आणि सोयाबीन-तुरीच्या कापलेल्या वावरात घोडा घालू नका. धसकटं तळव्यात घुसतात, मी काढलीयत, बघवत नाही.

माधुरी_यवतमाळ

सगळे हौसेनं लिहीत आहात पण एक विचारू का? ज्या घोड्यानं आधी टांगा ओढला, आता गाडी ओढतो, त्याला या वयात उड्या मारायला लावणं हे कोणासाठी? घोड्यासाठी तर नाही ना. बैलांच्या शर्यतींवर आपण कोर्टात वर्षानुवर्षं भांडलो, २०२३ ला निकाल आला, त्यातही नियम आहेतच. इथे नियम कोण पाळणार?

टाच_खाली

माधुरीताई, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. जड घोड्याला खरा त्रास उतरताना होतो, उडी संपली की सगळं वजन पुढच्या दोन पायांवर येतं. म्हणून माझ्या मते आठवड्यातून दोनदाच उड्या, त्याही कमी उंचीच्या, आणि कडक जमिनीवर एकही नाही. स्पर्धेत थकलेला घोडा दिसला की अधिकारी थांबवतात, स्वार पडला की तो तिथेच बाद, चाबकाचा गैरवापर झाला तर बाद. घरी मात्र नियम मालकाचेच, हे तुमचं बरोबर आहे. मी इतकंच बघते की अडथळ्याकडे वळवल्यावर कान कुठे जातात. पुढे गेले तर त्याला आवडतंय. मागे पडायला लागले आणि रोजच पडायला लागले तर त्याला ड्रेसाज करू द्या, नाहीतर गाडी ओढू द्या, त्यात कमीपणा काय.

माधुरी_यवतमाळ

ठीक आहे. कानांचं पटलं. बाकी माझं मत तेच.

पांदणरस्ता

माधुरीताई, तुमचं मत लक्षात ठेवतो. कान मी रोज बघीन. बाकी सगळ्यांचे आभार, बरंच कामाचं मिळालं. आता माझा बेत सांगतो, चुकत असेल तिथे टोका.

जून ते सप्टेंबर काळी माती म्हणजे नुसता चिखल, तेव्हा पांदणीचा मुरूम टाकलेला तुकडा आणि डांबरी रस्त्याची कड, नुसती चाल, लांब लांब. चालण्यानं पायाच्या शिरा बळकट होतात असं एनसीसीतले आमचे उस्ताद सांगायचे. पोळ्यानंतर जमीन वाफशावर आली की दुडकी, पाच मिनिटं दुडकी दोन मिनिटं चाल अशा तीन फेऱ्या, आणि डॉक्टरसाहेब सांगतात तशी नाडी. पडीक वावर आहे एक, तिथे कँटर. नाल्याकाठची वाळू आहे पण खोल आहे, तिथे थोडंच. धुऱ्यावरून (बांधावरून) उडवायचा मोह होतोय पण रानडुकरांसाठी सगळ्यांनी झटका मशीनच्या तारा लावल्यात, बारीक असतात, लांबून दिसत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच्या धुऱ्याकडे जाणार नाही आणि स्वतःच्या तारा गुंडाळून ठेवीन.

अडथळे घरचेच. ड्रम आडवे, सागाच्या बल्ल्या, जुने टायर. झुडपाच्या अडथळ्यासाठी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) पेंढ्या दोन बल्ल्यांमध्ये उभ्या. पाण्यासाठी बंधाऱ्याखालचा उथळ भाग, तळ आधी स्वतः चालून तपासून. खड्ड्यासाठी पाटचारी आहे, फूटभर रुंद.

टाच_खाली

बेत छान. पऱ्हाटीचं आवडलं. फक्त टोकं वर राहतील ती वाकतील अशी ठेवा, जाड बुंधे खाली. ड्रम खुंट्या ठोकून अडकवा, घरंगळणारा ड्रम घोड्याच्या पायात आला तर वाईट. बल्ल्या जमिनीवर ठेवून दुडकीसाठी अंतर पुस्तकात सव्वा ते दीड मीटरच्या मध्ये सांगतात, पण जड घोड्याचं पाऊल कधी आखूड निघतं, भीम्याच्या पावलाचे ठसे मोजा आणि त्यावर ठेवा. कँटरचंही तसंच, सगळे बारा फुटांचं पाऊल धरतात, तुमचा दहा-साडेदहाचा असू शकतो, मग दोन उड्यांमधलं अंतर त्याच्या हिशोबानं.

वेगाची काळजी नको. अमेरिकेत बिगिनर नॉव्हिस नावाचा वर्ग आहे, उडी जास्तीत जास्त ७९ सेमी आणि वेग मिनिटाला ३०० ते ३५० मीटर, म्हणजे संथ कँटर. फार जोरात आलात तर उलट दंड. तुमच्या स्पर्धेचे आकडे आयोजकांकडून मागून घ्या. आणि त्यांना विचारा की नुसता ड्रेसाज आणि शो जंपिंगचा वर्ग आहे का. पहिल्या वर्षी तो करून, क्रॉसकंट्रीचा ट्रॅक नुसता चालून बघा, माझा सल्ला हाच राहील.

एक महत्त्वाचं राहिलं. तुम्ही गाडीवर त्याला तोंडानं चक् चक् करत असणार, "चल भीम्या" म्हणत असणार. ड्रेसाजच्या चौकोनात आवाज चालत नाही, जजला ऐकू आलं की मार्क जातात. गाडीचा घोडा आवाजावरच चालतो, तेव्हा आतापासून आवाजासोबत पायाचा इशारा द्या आणि हळूहळू आवाज काढून घ्या.

पांदणरस्ता

हे माहीतच नव्हतं. भीम्याशी न बोलता चौकोनात गोल फिरायचं म्हणजे मलाच अवघड जाणार. नुसत्या ड्रेसाज-जंपिंगचा वर्ग असेल तर तोच घेईन यंदा. खोगिराचं काय? एनसीसीच्या माझ्या मित्राकडचं आणून ठेवून पाहिलं, त्याच्या खांद्यावर चिमटा बसतो.

टाच_खाली

रुंद सांगाड्याचंच लागेल, चिमटा बसलेलं वापरू नका, तो पाठ आखडेल आणि उडीच नाकारेल. मेरठ-कानपूरकडे खोगीर करणारे आहेत, खांद्याच्या मागे तार वाकवून आकार काढा, कागदावर उतरवून पाठवा. हेल्मेट आणि छातीचं जॅकेट यात काटकसर नको.

गुरांचा_डॉक्टर

प्रवासाचं बघून ठेवा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी लागेल, तो रोग माणसालाही होतो आणि कायद्यानं कळवावाच लागतो, रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन ऑफिसात आधीच विचारा. समृद्धीनं गेलात तरी गाडीत डोकं उंच बांधून ठेवू नका, खाली करता आलं नाही तर छातीत घाण उतरते आणि ताप येतो. दर तीन-चार तासांनी थांबून दोर सैल करा, पाणी द्या. पोचल्यावर एक अख्खा दिवस आराम.

वऱ्हाडी_ठेचा

पांदणभाऊ मी पुलगावच्या अलीकडंच रायतो. मागच्या सालची पऱ्हाटी गोठ्यामांगं रचून हाय, बायको रोज म्हणते जाळून टाका. न्या ना तुम्ही. टॅक्टर पाठवा का मी पाठवू?

पांदणरस्ता

ट्रॅक्टर नको ठेचाभाऊ, भीम्यालाच जुंपून येतो रविवारी. त्याची चालही होईल.

गुरांचा_डॉक्टर

उन्हाच्या आत पोचा आणि येताना अर्धीच भरा. दोन खेपा करा.